आपलं स्टेशन कोणाच्या पैशाने आलं?

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीच्या आधीचं नेरूळ' असा विषय दिला. त्यातला फक्त रेल्वेचा भाग मी घेतोय, कारण आपल्या फ्लॅटच्या जाहिरातीत तेव्हा एकच ओळ ठळक छापली होती: 'स्टेशनपासून दहा मिनिटं'. (चालून पाहिलं तर सतरा भरली, ते असो.)

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात मांडलं की मुंबई उत्तरेकडे नुसती लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे वाढू द्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. कोरियांची कल्पना अशी की वस्त्या बसमार्गावर मण्यांसारख्या ओवायच्या, घरातून थांब्यापर्यंत चालत जाता आलं पाहिजे, आणि माणसं वाढली की त्याच मार्गावर रेल्वे आणायची. कागदावर उत्तम! पण खाडीवर मोटारींचा पूल झाला तरी रेल्वे काही येईना. वस्ती नाही तिथे गाडी कशाला, आणि गाडी नाही तिथे राहायला जायचं कशाला, या कोड्यात वीस वर्षं गेली. मंत्रालय बेलापूरला हलवायचं घाटत होतं, तेही नरिमन पॉइंटलाच राहिलं.

मी त्या काळात वाशीत भाड्याने राहत होतो. सकाळी बसने मानखुर्द, कारण हार्बरची लोकल तिथेच संपायची, आणि तिथून पुढे फोर्ट. संध्याकाळी तेच उलट. पावसात पुलावर बस अडकली की घरी पोरं झोपून गेलेली असायची. भाडं स्वस्त होतं ते काही घरमालकाच्या दयेने नव्हे.

कोडं सुटलं ते पैशाच्या बाजूने. मानखुर्द ते बेलापूर रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने ३३ टक्के. सिडकोकडे पैसा कुठला? जमिनीचा. गाडी येणार म्हटलं की प्लॉटचा भाव चढतो, आणि चढलेल्या भावाने विकलेल्या प्लॉटमधून रुळांचे पैसे निघतात. शिवाय आपण तिकिटावर अधिभार भरत आलो, तो वेगळाच. १९९२ मध्ये गाडी वाशीला आली, १९९३ मध्ये नेरूळ-बेलापूरला, १९९८ मध्ये पनवेलला. जुन्या मुंबईत असं झालं नव्हतं. तिथे स्टेशनामुळे वाढलेला भाव आजूबाजूच्या जमीनमालकांच्या खिशात गेला, रेल्वेच्या वाट्याला नुसतं तिकीट. माझ्या मते सिडकोचं हे सगळ्यात शहाणपणाचं काम.

पण हिशेब इथे पुरा होत नाही. चढलेला भाव सिडकोला मिळाला, कारण जमीन तिच्याकडे भाव चढण्याआधी आली होती. ती ९५ गावांची. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, मासेमारीची खाजणं. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

नव्या सभासदांनी सोसायटीच्या कपाटातली जुनी फाइल एकदा काढून बघावी. तिच्यात त्रिपक्षीय करार आहे: सिडको, बिल्डर आणि मूळ शेतकरी. आपली इमारत साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभी आहे. त्या करारावर शेतकऱ्याच्या घरच्या सात जणांची नावं आहेत, त्यातल्या चार बायका, चौघींचेही अंगठे.

नेरूळहून उरणच्या दिशेने गाडी २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत धावू लागली. जासईच्या बाजूने जाऊन ती उरणला पोचली २०२४ च्या जानेवारीत, गोळीबाराला चाळीस वर्षं होत असताना.