कारंज्याचे चित्र पाहताना

फ्लोरा फाउंटनची चित्रे आपण इतकी पाहिली आहेत की त्यांचा अभ्यास करावा, हे सहसा सुचत नाही. अभ्यासाची वाट मात्र सोपी आहे. पालघर जिल्ह्यातल्या सरावलीच्या विद्यार्थ्याने बोईसरला गाडी धरावी, चर्चगेटला उतरावे आणि वही घेऊन चालत सुटावे.

आधी दगड पाहू. १८६४ साली उभ्या राहिलेल्या या कारंज्याचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचे, दगड इंग्लंडातला पोर्टलंड. ते बसायचे होते भायखळ्याच्या राणीच्या बागेत. बसले फोर्टात, किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा जिथे होता तिथे. पुढे त्यावर रंगाचे थर चढत गेले, कोरीवकामाच्या कडा बुजल्या. जीर्णोद्धारानंतर २०१९ मध्ये दगड पुन्हा मोकळा झाला. म्हणजे मधल्या काळातल्या चित्रकाराने रंगवला तो दगड नव्हे, दगडावरचा रंग! चित्रात शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचा पुतळा दिसला, तर ते चित्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतरचे, हेही ओळखता येते.

बहुतेक चित्रकार कारंज्यावरच्या फ्लोरा देवतेच्या चेहऱ्याचे नको तितके लाड करतात. रस्त्यावरून तो धड दिसतही नाही. खरी परीक्षा पाण्याची. पारदर्शक जलरंगात तुषारांसाठी पांढरा रंग लावत नाहीत. तेवढा कागद कोरा राखतात. भोवतीची सावली गडद झाली की पाणी आपोआप उजळते. एकदा ओघळ त्या जागेत शिरला, की पाणी गेलेच.

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रात गणित नेमके उलटे. तिथे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा हाच रंग. जे सांगायचे ते पांढऱ्यानेच काढायचे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, तरी हा नियम टिकला. त्या हाताने फ्लोरा फाउंटन काढले, तर धार ठिपक्यांची होईल आणि देवतेपेक्षा भोवतीची माणसे जास्त जागा घेतील. मला तरी ते चित्र अधिक खरे वाटेल.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा. पण त्याआधी एकदा फाउंटनला जाऊन या, आणि वहीत चित्राखाली तारीख, वेळ आणि पाणी चालू होते की बंद, एवढे जरूर लिहा.