पुनर्जन्म नव्हे, पुनरुत्थान

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतल्याला चोवीस वर्षे झाली होती. तरीही त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाला अग्नी देण्यात आला आणि रक्षा अहमदनगरला (आता अहिल्यानगर) नेण्यात आली. मृतदेहाचे दफन करणाऱ्या समाजात हा निर्णय चाकोरीबाहेरचा होता. अंतिम दिवशी देह पुन्हा उठविला जाईल, ही ख्रिस्ती धर्माची मूळ आशा आहे. मग भस्म झालेला देह उठणार कसा?

ही शंका टिळकांच्याही फार पूर्वीची आहे. इसवी सन ५५ च्या सुमारास करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात संत पौलाने तिला शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर दिले आहे. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसायला सारखे नसतात, तरी ते रोप त्याच दाण्याचे असते. नाशवंत देह त्याचप्रमाणे अविनाशी होऊन उठेल, असे पौलाचे म्हणणे. येथे केवळ प्रेतात प्राण परत येणे अभिप्रेत नाही. लाजर थडग्यातून बाहेर आला, पण तो पुन्हा मरणाधीनच होता. उलट पुनरुत्थित येशूच्या अंगावर खिळ्यांचे व्रण होते, त्याने शिष्यांसमोर मासा खाल्ला, आणि दारे बंद असतानाही तो त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला, असे शुभवर्तमाने सांगतात. देह तोच, पण पालटलेला.

मराठी वाचकाची गल्लत होते ती येथेच. पुनर्जन्मात आत्मा एक देह सोडून दुसरा धारण करतो, आणि मोक्ष म्हणजे या फेऱ्यातून सुटका. पुनरुत्थानात देह हे टाकून द्यायचे ओझे नाही. माणूस देहासह वाचविला जातो, आणि तोही एकदाच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची कथा मराठी ओवीत आली. ज्या श्रोत्यांना देहाची नश्वरता पुराणांतून पाठ होती, त्यांच्यासाठी हा विचार अगदी नवा असणार.

दफनाची प्रथा या आशेतूनच रुजली. ‘सिमेट्री’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘निजण्याची जागा’ असा आहे. इसवी सन १७७ मध्ये लियों येथे छळकर्त्यांनी हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत फेकली, ती त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून. चर्चची श्रद्धा त्याने ढळली नाही, हे लक्षणीय आहे. कॅथलिक चर्चने मात्र १८८६ मध्ये दहनावर बंदी घातली. चर्चविरोधी मंडळी पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहनाचा पुरस्कार करीत होती, हे त्यामागचे प्रमुख कारण. टिळक प्रोटेस्टंट असल्याने ही बंदी त्यांना लागू नव्हती.

ती बंदी १९६३ मध्ये उठली. दफनालाच प्राधान्य असले तरी ख्रिस्ती शिकवण नाकारण्याच्या हेतूने केलेले नसेल, तर दहन चालते. २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा पवित्र स्थळी ठेवावी लागते. ती विखुरणे किंवा पाण्यात सोडणे मान्य नाही. अस्थिविसर्जनाची परंपरा असलेल्या प्रदेशात हा फरक ठळकपणे जाणवतो. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० रोजी करोनाने मृत्यू पावलेल्या सर्वधर्मीयांचे दहनच करण्याचा आदेश काढला आणि त्याच दिवशी तो बदलून पुरेशी जागा असलेल्या ठिकाणी दफनास मुभा दिली. त्या काही तासांत अनेक ख्रिस्ती घरांत हा जुनाच प्रश्न पुन्हा विचारला गेला असेल.