घरचं नेट 20 तारखेलाच संपतंय? डेटा कोण खातंय ते असं शोधा

शहाड : सकाळी मोठी माणसं शहाड स्टेशनवरून लोकल पकडून कामाला, मुलं शाळेत, दाराला कुलूप. तरी संध्याकाळी बघावं तर वायफायचा चार-पाच जीबी डेटा गेलेला. महिना संपायच्या आत कोटा संपतो, स्पीड रांगतो आणि ऐन फॉर्म भरायच्या दिवशी पान उघडत नाही. शहाड असो की मुरबाड रोडवरचं म्हारळ, वरप, कांबा. मोठा पॅक मारण्याआधी दोन-तीन दिवस मोजून पाहावं.

कुलूप लावून मोजा

घराबाहेर पडताना कंपनीच्या अ‍ॅपमधला वापराचा आकडा वहीत लिहा. परत आल्यावर पुन्हा लिहा. काही अ‍ॅपमध्ये आकडा उशिरा बदलतो, म्हणून थोडं थांबून पाहा. घर रिकामं असताना वापर झाला, तर चालू राहिलेलं एखादं यंत्र किंवा बाहेरचा कुणी डेटा घेतोय. रोज एकेक यंत्र बंद ठेवा. ज्या दिवशी आकडा एकदम खाली येईल, त्या दिवशी बंद असलेलं यंत्रच चोर.

नेहमीचे चोर

टीव्ही : चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ तासाला 3 जीबीपर्यंत घेतो, 4के असेल तर 7 जीबीपर्यंत. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. ऑटोप्ले बंद करा, क्वालिटी 480 वर आणा.

सीसीटीव्ही : फुटेज इंटरनेटवर साठवणारा कॅमेरा सतत 1 एमबीपीएसने पाठवत असेल, तर दिवसाला साधारण 11 जीबी, महिन्याला 324 जीबी होतात. बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोडही कोट्यात धरतात. मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग ठेवलं तर हा खर्च वाचतो.

मोबाईल : सेटिंगमध्ये डेटा वापर उघडून वायफायचा आकडा पाहा, कोणत्या अ‍ॅपने किती घेतला ते दिसतं. लग्नाचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला गेले की कोटा झपाट्याने उतरतो. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाउनलोडही बंद ठेवा.

लॅपटॉप : विंडोजमध्ये वायफायला 'मीटर्ड कनेक्शन' करा, म्हणजे बरेचसे मोठे अपडेट विचारल्याशिवाय उतरत नाहीत.

शेजारी तर नाही ना?

राउटरच्या मागच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक वेळा 192.168.1.1 असा. तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन केलं की जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. घरातली यंत्रं मोजा. यादीत जास्त निघाली तर वायफायचा पासवर्ड बदला आणि घरच्या यंत्रांत नवा टाका.

तरी हिशोब जुळत नसेल तर

सगळं बंद असूनही आकडा वाढत असेल, तर तारीख-वेळेसह नोंदी आणि स्क्रीनशॉट ठेवून कंपनीच्या कस्टमर केअरला कळवा. तक्रार क्रमांक जरूर घ्या. उत्तराने समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायने 2016 मध्ये दिलेल्या निर्देशानुसार घरगुती ब्रॉडबँडचा कोटा 50, 90 आणि 100 टक्के वापरला की ग्राहकाला कळवायचं असतं. हे मेसेज येत नसतील, तर कंपनीकडे दिलेला मोबाईल नंबर जुना आहे का तेही तपासा.