कीप-अलाइव्ह : जोडणी किती वेळ राखावी?

संकेतस्थळ उघडताना वाचकाचा ब्राउझर आणि दूरचा वेब सर्व्हर यांच्यात आधी जोडणी व्हावी लागते. मजकूर त्यानंतर येतो. ही जोडणी एका मागणीनंतर तोडावी की पुढच्या मागणीसाठी काही काळ राखावी, हे ठरवणारी सर्व्हरमधील सेटिंग म्हणजे ‘कीप-अलाइव्ह’.

आरंभीच्या वेबमध्ये असा पर्यायच नव्हता. पानावर दहा चित्रे असतील, तर मजकुरासह अकरा जोडण्या होत आणि तुटत. १९९४ मध्ये शिकागो येथील दुसऱ्या जागतिक वेब परिषदेत वेंकट पद्मनाभन आणि जेफ्री मोगल यांनी एकाच जोडणीवरून अनेक मागण्या भागवण्याचा विचार मांडला. पद्मनाभन हे आयआयटी दिल्लीचे पदवीधर. पुढे ते बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये आले. याच परिषदेचे विसावे अधिवेशन २०११ मध्ये हैदराबादेत भरले. तोवर टिकाऊ जोडणी ही नित्याची गोष्ट झाली होती, कारण जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ ने तोच नियम केला होता.

अपाची सर्व्हरने १.१ आवृत्तीत ही सोय आणली, तेव्हा एका जोडणीवर किती मागण्या घ्यायच्या, हे एका आकड्याने सांगता येई. मूळ आकडा पाच. १.२ आवृत्तीत या एका आकड्याचे काम विभागले गेले. सोय चालू की बंद हे एका ओळीत, मागण्यांची मर्यादा दुसऱ्या ओळीत. वाट पाहण्याची मुदत वेगळीच. ही फोड अटळ होती. कोणत्या सर्व्हरवर किती गर्दी होईल, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला घरबसल्या कळत नाही.

जोडणी राखण्याचा लाभ अंतरात दिसतो. पणजी ते हैदराबाद हे हवाई अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. प्रकाशतंतूतील संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास किमान साडेपाच मिलिसेकंद. खरा विलंब मोबाइलच्या टप्प्यात होतो. सत्तरीतील एखाद्या वाड्यावर एका फेरीला दीडशे मिलिसेकंद लागत असतील, तर जोडणीची एक आणि टीएलएस १.२ च्या कूटबद्धतेच्या दोन अशा तीन फेऱ्यांत जवळपास अर्धा सेकंद जातो, तोही पहिले अक्षर मागण्याआधी. टीएलएस १.३ ने त्यातील एक फेरी वाचवली.

मात्र राखलेली जोडणी फुकट नसते. अपाचीच्या जुन्या ‘प्रीफोर्क’ पद्धतीत प्रत्येक जोडणीमागे एक प्रक्रिया अडकून राहते. अशा २५६ प्रक्रिया आणि १५ सेकंदांची मुदत असेल, तर सर्व्हर सेकंदाला जेमतेम सतरा नवे वाचक घेऊ शकतो. दहावीच्या निकालाच्या सकाळी हा हिशेब कोणालाही कळेल! आपला निकाल पाहून झालेली मुले जागा धरून असतात आणि बाकीची दाराबाहेर ताटकळतात. मुदत पाच सेकंदांवर आणली, तर तोच आकडा पन्नासच्या वर जातो. अपाची २.४ मधील ‘इव्हेंट’ पद्धत आणि एनजिनएक्स यांनी रिकाम्या जोडण्या स्वस्तात सांभाळण्याची व्यवस्था केली. त्यामुळे एनजिनएक्सला ७५ सेकंदांची मूळ मुदत परवडते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनचे क्लाउड केंद्र हैदराबादेत सुरू झाले. अशा क्लाउडवर वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये भार वाटून देणारा ‘लोड बॅलन्सर’ बसतो, आणि त्याचीही स्वतःची मुदत असते. ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत ६० सेकंद, तर अपाची २.४ ची पाच. सर्व्हरने जोडणी सोडली त्याच क्षणी लोड बॅलन्सरने तिच्यावरून मागणी पाठवली, की वाचकाला ५०२ ही त्रुटी दिसते. ती अधूनमधूनच येते, म्हणून शोधणे जिकिरीचे. अशा मांडणीत सर्व्हरची मुदत लोड बॅलन्सरच्या मुदतीहून थोडी अधिक, ६५ सेकंद वगैरे ठेवावी लागते.