टोमॅटोचे कवकरोग व नैसर्गिक बहुवारिके

टोमॅटोचे कवकरोग व नैसर्गिक बहुवारिके : लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन सजीवांच्या शरीरात ज्या लांब साखळ्या तयार होतात, त्यांना नैसर्गिक बहुवारिके म्हणतात. वनस्पतींतील सेल्युलोज व स्टार्च, सागरी शैवलांतील अल्जिनेट आणि कोळंबी, खेकडे, कीटक व कवके यांच्या आवरणांतील कायटिन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. कायटिनापासून मिळणाऱ्या कायटोसन या बहुवारिकाचा उपयोग टोमॅटोच्या कवकजन्य रोगांविरुद्ध करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. या प्रयत्नांचा इतिहास, त्यांमागील तत्त्व व मर्यादा यांचे विवेचन येथे ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या संदर्भात केले आहे.

परिसर : हा भाग विषयाशी तीन बाजूंनी निगडित आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या खाडीकाठच्या व उत्तनसारख्या समुद्रकाठच्या वस्त्यांचा परंपरागत व्यवसाय मासेमारीचा असून कोळंबी, जवळा व खेकडे यांची कवचे हा तिचा नित्याचा टाकाऊ भाग होय. कल्याणच्या पूर्वेकडील मुरबाड व उत्तरेकडील शहापूर तालुक्यांत खरिपातील भाताचे पीक निघाल्यावर, जेथे पाणी आहे तेथे, भाजीपाला घेतला जातो. शहरांना लागणारा टोमॅटो मात्र मुख्यत्वे घाटावरून येतो : जुन्नर तालुक्यातील नारायणगावाकडून माळशेज घाटाने आणि नाशिककडून कसारा घाटाने. तिसरी बाजू रसायन-उद्योगाची. स्वातंत्र्योत्तर काळात अंबरनाथ व डोंबिवली येथे उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतींत रसायने व रंगद्रव्ये यांचे अनेक कारखाने निघाले. ज्या कवचांतून कायटोसन मिळते ती कवचे, ज्या पिकावर ते वापरावयाचे ते पीक आणि ते तयार करण्यास लागणारी अम्ले व अल्कली ही तिन्ही येथे काही कोसांच्या अंतरात आढळतात.

रोग : टोमॅटोवर रोपवाटिकेपासून फळे पक्व होईपर्यंत अनेक रोग पडतात. रोपे जमिनीलगत कुजून कोलमडणे, लवकर येणारा करपा (आल्टर्नेरिया सोलॅनी), उशिरा येणारा करपा (फायटोप्थोरा इन्फेस्टान्स), मर (फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम), सेप्टोरियामुळे पडणारे पानांवरील ठिपके आणि भुरी हे त्यांतील प्रमुख होत. दमट हवा, पहाटेचे दव व पानांवर दीर्घकाळ टिकणारा ओलावा यांमुळे करप्याचा प्रसार जलद होतो. यांपैकी फायटोप्थोरा हे रूढ अर्थाने कवकांत गणले जात असले, तरी त्याच्या कोशिकाभित्तीत मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकाने असतात आणि आधुनिक वर्गीकरणात त्याला खऱ्या कवकांपासून वेगळे काढले आहे. कायटिनाशी संबंधित उपायांचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. तसेच कोकणात टोमॅटोची फार मोठी हानी जीवाणुजन्य मर या रोगाने होते. तो कवकरोग नसल्याने कवकनाशकांनी आटोक्यात येत नाही.

कवकनाशकांचा काळ : फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मीलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद व चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचा द्राक्षाच्या केवडा रोगावरील उपयोग प्रसिद्ध केला आणि फवारणीच्या युगास आरंभ झाला. १९३४ मध्ये डायथायोकार्बामेट वर्गातील कवकनाशकांचे एकस्व अमेरिकेत घेण्यात आले. त्याच वर्गातील मँकोझेब १९६० नंतरच्या काळात जगभर रूढ झाले. १९६८ च्या सुमारास बेनोमिल हे आंतरप्रवाही कवकनाशक बाजारात आले. परंतु थोड्याच वर्षांत त्याला न जुमानणारी कवके अनेक देशांत आढळू लागली. एकाच ठिकाणी घाव घालणारे विष वारंवार वापरले की त्यातून वाचलेल्या कवकांचीच संतती वाढते, हा धडा त्यातून मिळाला. [⟶ कवकनाशके].

महाराष्ट्रात वनस्पतिरोगविज्ञानाची परंपरा पुण्यात रुजली. बा. ना. उप्पल, म. का. पटेल व म. ना. कामत यांनी मुंबई इलाख्यातील कवकांची सूची १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात मं. ज. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६०–७० या दशकात ऑरिओफंजिन हे कवकरोधी प्रतिजैविक शोधून काढले. सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेला पदार्थ पिकांच्या रोगांवर वापरण्याचा हा राज्यातील एक उल्लेखनीय प्रयत्न होय.

कायटिनाचा शोध : आंरी ब्राकॉनो या फ्रेंच शास्त्रज्ञांना १८११ मध्ये अळंब्यांत हा पदार्थ प्रथम आढळला. ओदिए यांनी १८२३ मध्ये तो कीटकांच्या पंखावरणांतून वेगळा करून त्याला कायटिन हे नाव दिले. रूजे यांनी १८५९ मध्ये तीव्र अल्कलीत उकळून त्याचे विद्राव्य रूप मिळविले आणि १८९४ मध्ये होप-झायलर यांनी त्या रूपास कायटोसन म्हटले. त्यानंतर सु. ८० वर्षे पिकांच्या रोगांशी या पदार्थाचा संबंध फारसा कोणी जोडला नाही.

जमिनीतील कायटिनाकडे लक्ष आधी गेले. १९६१ च्या सुमारास मिचेल व अलेक्झांडर यांनी असे दाखविले की, जमिनीत कायटिन मिसळल्यास ते खाणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्या एंझाइमांनी फ्युजेरियम कवकाच्या भित्तीही विरघळतात. या निष्कर्षाने सुक्या मासळीच्या खताकडे पाहण्याची एक नवी दृष्टी मिळते. वसईसारख्या किनाऱ्यालगतच्या बागायतीत असे खत घालण्याची रीत जुनी आहे. शेतकरी ते रोगनिवारणासाठी नव्हे, तर पिकाच्या पोषणासाठी घालीत. परंतु त्यात मिसळून गेलेल्या जवळ्याच्या व कोळंबीच्या कवचांबरोबर काही कायटिनही जमिनीत जात असे.

१९७९ मध्ये अमेरिकेतील ॲलन व हॅडविगर यांनी कायटोसन अनेक रोगकारक कवकांची वाढ थांबविते, मात्र ज्यांच्या भित्तीतच कायटोसन असते त्यांवर त्याचा परिणाम होत नाही, असे दाखवून दिले. पुढील वर्षी हॅडविगर व बेकमन यांनी वाटाण्याच्या शेंगांवरील प्रयोगांतून याहून महत्त्वाची गोष्ट मांडली : कायटोसनाच्या स्पर्शाने वनस्पतीची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी होते. टोमॅटोवरील निर्णायक काम कॅनडातील क्वेबेक येथे झाले. बनामू व तेर्यो यांनी १९९२ मध्ये कायटोसन दिलेली टोमॅटोची झाडे फ्युजेरियमजन्य मूळकुजीचा अधिक चांगला प्रतिकार करतात, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एल घाउत व सहकाऱ्यांनी कायटोसनाचा पातळ लेप दिलेले टोमॅटो साठवणुकीत अधिक काळ टिकतात, असे दाखविले.

क्रियेचे स्वरूप : सौम्य अम्लात विरघळलेल्या कायटोसनाच्या अमिनो गटांवर धन विद्युत् भार येतो. कवकाच्या कोशिकापटलावर ऋण भार असल्याने कायटोसन त्यास चिकटते, पटलाला छिद्रे पडतात व आतील द्रव्ये बाहेर झिरपतात. पानावर त्याचा पातळ पापुद्रा बसतो, हा दुसरा लाभ. तिसरी व बहुधा अधिक महत्त्वाची क्रिया अप्रत्यक्ष आहे. कायटिन व कायटोसन यांचे तुकडे हे कवकाच्या आगमनाची खूण असल्याने वनस्पती त्यांना ओळखते. भातात असे तुकडे ओळखणारे ग्राहक प्रथिन जपानी संशोधकांनी २००६ मध्ये शोधून काढले. खूण पटताच झाड कायटिनेज व ग्लुकानेज ही कवकभित्ती फोडणारी एंझाइमे बनविते आणि स्वतःच्या भित्ती लिग्निन व कॅलोज यांनी जाड करते. फायटोप्थोराच्या भित्तीत कायटिन नगण्य असले, तरी या मार्गाने त्याविरुद्धही काही संरक्षण मिळू शकते, ते याच कारणाने.

महाराष्ट्रातील संशोधन : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मु. वि. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतर कायटिन व त्याचे विघटन करणारी एंझाइमे यांचा सातत्याने अभ्यास केला. मायरोथेशियम व्हेरुकेरिया या कवकाच्या कायटिनेजाचा त्यात समावेश होता. ठाणे खाडीच्या पलीकडे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमा किरणांनी अल्जिनेट व कायटोसन यांच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे आखूड, पिकांवर अधिक प्रभावी तुकडे मिळविण्याच्या पद्धतीवर काम झाले. कवचांपासून कायटोसन तयार करण्याचे तंत्र कोचीच्या केंद्रीय मत्स्यप्रौद्योगिकी संस्थेने विकसित केले.

नियम : यूरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसन हायड्रोक्लोराइडास पीकसंरक्षणातील मूलभूत पदार्थ म्हणून मान्यता दिली, तर मँकोझेबाच्या मान्यतेचे नूतनीकरण २०२० मध्ये नाकारले. भारत सरकारने मे २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवरील बंदीचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यांतही मँकोझेब होते. २०२१ मध्ये जैव-उत्तेजकांचा समावेश खत नियंत्रण आदेशात झाला. दिवसाआड तोडणी होणाऱ्या टोमॅटोसारख्या पिकात फवारणी व विक्री यांमधील अंतर अल्प असते. म्हणून अवशेषांचा प्रश्न येथे उत्पादक व ग्राहक या दोघांच्याही हिताचा आहे.

मर्यादा : कायटोसन हा प्रतिबंधक उपाय आहे, रोग बळावल्यावर त्याचा उपयोग अल्प होतो. पावसाने त्याचा थर धुऊन जातो. साखळीची लांबी, ॲसिटिल गट निघून जाण्याचे प्रमाण व द्रावणाची अम्लता यांनुसार त्याचे गुणधर्म बदलत असल्याने एका उत्पादनाचा अनुभव दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. प्रयोगशाळेतील यश शेतात त्याच प्रमाणात मिळत नाही. म्हणून रोगमुक्त बियाणे, पिकांची फेरपालट, झाडांना आधार देऊन हवा खेळती ठेवणे, ट्रायकोडर्मासारखी उपकारक कवके आणि गरजेपुरती कवकनाशके यांच्या जोडीनेच ते वापरणे योग्य ठरते.

याहून गंभीर प्रश्न उत्पादनाचा आहे. कवचांतील चुना काढण्यास हायड्रोक्लोरिक अम्ल, प्रथिने काढण्यास सौम्य दाहक सोडा व अखेरीस ॲसिटिल गट काढण्यास सु. ४० ते ५० टक्के तीव्रतेचा उष्ण दाहक सोडा लागतो; शिवाय धुण्यास पुष्कळ पाणी खर्च होते. मूळ पदार्थ नैसर्गिक असला, तरी त्याच्या निर्मितीतील सांडपाणी तसे नसते. वालधुनी व उल्हास या नद्यांचे प्रदूषण आणि जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत पडलेला हिरवट पाऊस यांचा अनुभव घेतलेल्या परिसराला याची वेगळी जाणीव करून देण्याची आवश्यकता नाही. किण्वनाच्या साहाय्याने चुना व प्रथिने अलग करणे आणि अळंबी वा इतर कवकांपासून कायटिन मिळविणे या पर्यायांचे महत्त्व त्यामुळेच वाढते. खाडीकाठची कवचे घाटापलीकडील व मुरबाड-शहापूरच्या शेतांना उपयोगी पडतील का, हे केवळ कायटोसनाच्या कवकरोधी गुणावर अवलंबून नाही. ते तयार करताना नदी स्वच्छ राहते की नाही आणि लहान शेतकऱ्याला ते परवडते की नाही, यांवरही या उपायाचे खरे मूल्य ठरेल.