फाउलहॉर्नची चढण

मनुष्य श्रम करतो तेव्हा त्याच्या शरीरात नेमके काय जळते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ सुटल्यासारखा वाटत होता. जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचे प्रतिपादन असे होते की, आकुंचन पावताना स्नायू स्वतःच झिजतो आणि त्यातील प्रथिनांचे विघटन हेच श्रमशक्तीचे उगमस्थान होय. पिष्टमय व स्निग्ध पदार्थ केवळ शरीराची ऊब राखतात. या मताचा व्यावहारिक अर्थ उघड होता. ज्याला मांसान्न परवडते, त्यालाच बळ. मजुराचा पाव आणि बटाटे हे नुसते शेकोटीचे सरपण!

लीबिग यांचा अधिकार एवढा मोठा की, हे मत बहुमान्य झाले. पण झुरिक येथील दोन प्राध्यापकांनी, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक आणि रसायनशास्त्रज्ञ योहानेस विस्लिसेनुस यांनी, त्याचा हिशेब मांडण्याचे ठरविले. ३० ऑगस्ट १८६५ रोजी ते स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्त्स सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न शिखरावर चढून गेले. आदल्या दिवसाच्या दुपारपासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले होते. पिष्टाच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर एवढाच त्यांचा शिधा. प्रथिनांतील नत्र मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून त्यांनी आपले मूत्र जपून ठेवले. त्यावरून चढणीच्या व त्यानंतरच्या विश्रांतीच्या काळात प्रत्येकाच्या शरीरात सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने खर्ची पडल्याचे दिसून आले.

आता श्रमाचा हिशेब. चढण १,९५६ मीटरची. फिक यांचे वजन ६६ किलोग्रॅम. म्हणजे केवळ देह वर नेण्यासच १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर कार्य झाले. विस्लिसेनुस यांचे वजन ७६ किलोग्रॅम. त्यांचे कार्य १,४८,६५६. हृदयाचे व श्वसनाचे श्रम यांत धरलेलेच नाहीत.

मात्र प्रथिनांच्या ज्वलनातून किती ऊर्जा मिळते, याचा विश्वसनीय आकडा कोणापाशी नव्हता. ती उणीव फिक यांचे मेहुणे, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८६६ मध्ये भरून काढली. निरनिराळे अन्नपदार्थ जाळून त्यांनी उष्णता मोजली आणि मूत्रातील युरियाबरोबर न वापरताच निघून जाणारी ऊर्जा वजा केली. हिशेब पुरा झाला. ३७ ग्रॅम प्रथिनांतून सारी ऊर्जा कामी लागली असे मानले, तरी ती या कार्याच्या निम्म्याच्या आसपासच भरत होती. उरलेले बळ पिष्टाने, साखरेने आणि चरबीनेच दिले होते.

पुढे १९६६ मध्ये स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी एकाच सायकलीच्या दोन बाजूंस बसून, प्रत्येकी एकाच पायाने पायटे मारले. नंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. श्रमलेल्या पायाच्या स्नायूत ग्लायकोजेनचा साठा विसावलेल्या पायाच्या दुपटीपर्यंत वाढला होता. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंचा आजचा आहार या ज्ञानावर उभा आहे.

प्रथिनांचे महत्त्व याने कमी होत नाही. स्नायू घडतो तो त्यांच्यापासूनच. परंतु यंत्र ज्या धातूचे घडले, तोच त्याचे इंधन असतो असे नाही. एका थोर पुरुषाच्या शब्दाने मजुराच्या भाकरीचे मोल हिरावले गेले होते. दोन प्राध्यापकांच्या एका चढणीने ते तिला परत मिळवून दिले.