घडणावळ

घराचं छप्पर गळतं, म्हणून बायकोच्या पाटल्या मोडायला आम्ही इतवारीच्या सराफ्यात निघालो. बरोबर पुतण्या होता. तो जीवशास्त्र शिकतो. म्हणजे त्याला सगळंच माहीत असतं. वाटेतच त्यानं आमच्या चाळीस वर्षांच्या संसाराचं शवविच्छेदन केलं.

“काका, प्रेमबीम काही नसतं. डोपामिन आणि ऑक्सिटोसिन, बस्स!”

अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे. त्याची जोडी जमली की सहसा मोडत नाही. शास्त्रज्ञांनी याचं श्रेय ऑक्सिटोसिनला दिलं. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ऑक्सिटोसिन ओळखण्याची शरीरातली सोयच जन्मापासून काढून टाकली, तरी व्होलांनी जोड्या जमवल्याच. हेही पुतण्यानंच सांगितलं.

म्हटलं, “बाबा रे, उंदराचा हिशेब अजून जुळला नाही, अन् तू माझा करून राहिला?”

मग मी आमच्या नागपूरचा दाखला काढला. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचं लग्न १९२९ सालचं. त्याआधी दोघांनी एकमेकांना भरभरून पत्रं लिहिली. पुढे दोघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते १९५८ साली मालवणला, त्या १९६१ साली ग्वाल्हेरला. त्याच वर्षी कुसुमावती गेल्या. अकरा वर्षांनी, १९७२ साली, ती पत्रं ‘कुसुमानिल’ या नावानं छापून आली. व्याकरणातली साधी संधी, पण कुठून तोडावं ते कळत नाही.

“पत्र लिहायला लावणारं रसायन असेल बापा. पण चाळीस-चाळीस वर्षं ते जपायला लावणारं कोणतं?”

“तेही मेंदूतच असणार.”

असेल. मेंदूबाहेर आपल्याजवळ आहेच काय?

सराफानं पाटली कसोटीवर घासली, वजन केलं, घट धरली आणि रक्कम सांगितली.

“आणि घडणावळ?” बायकोनं विचारलं.

“मोडीत घडणावळ धरत नाही, ताई. सोन्याचाच भाव.”

सराफ खोटं बोलत नव्हता. पुतण्याही नव्हता. सोन्याशिवाय पाटली होत नाही, अन् तराजूला सोनंच कळतं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या पाटल्या मी कर्ज काढून केल्या होत्या. ते कर्ज फेडताना आम्ही दोघांनी वर्षभर सिनेमा पाहिला नव्हता. ते वजनात कुठं येतं?

बायकोनं पाटल्या उचलून हातात घातल्या. “चला अहो.”

छप्पर यंदाही गळेल. कुठं कोणतं पातेलं ठेवायचं, ते आम्हा दोघांना पाठ आहे.